काजळीचे पैसे

भिकनदादांना जाऊन महिना उलटला होता, तरी दिवस कलला की शोभाबाईला ओसरीबाहेर त्यांचं खाकरणं ऐकू यायचं. हात पिठात असो नाहीतर शेणात, ती कोपरानं पदर डोक्यावर ओढून घ्यायची. मग दाराकडं बघायची. दारात कुणी नसायचं.

ती या घरात आली तेव्हापासूनची सवय. जेठासमोर तोंड उघडायची रीत नव्हती. ते दारात यायच्या आधी एकदा खाकरायचे, ती पदर पुढं घ्यायची, ताट वाढायची आणि चुलीकडं तोंड करून बसायची. भाजी हवी असली की ते ताटाच्या कडेवर बोट वाजवत. नको असली की ताटावर हात आडवा धरत. चोवीस वर्षं त्यांनी तिच्या हातचं खाल्लं, आणि चोवीस वर्षांत दोघांत सरळ एक शब्द झाला नाही. जे सांगायचं ते गोठ्यात उखापाशी, आणि उखा ते घरात आणायचा. उखा तिचा नवरा, भिकनचा धाकटा भाऊ.

भिकनदादा गोठ्यातच राहायचे, काजळीजवळ. काजळी त्यांची घोडी. वरातीत नाचायची, आसपासच्या गावांत लग्न ठरलं की लोक आधी तिची तारीख विचारायचे. अंगानं काळीभोर, कपाळावर बोटभर पांढरं. दादा तिला खरारा करत बसले की तासन् तास उठायचे नाहीत.

तीन वर्षांपूर्वी उखा उसाच्या ट्रॉलीवरून पडला. हाड मोडलं नाही म्हणून सगळे खूश झाले. पण पुढं खुबा आतल्या आत सुकत गेला. काठी आली. मग काठीनंही भागेना. धुळ्याच्या डॉक्टरानं सांगितलं, खुब्याचा सांधा बदलायला लागेल, आणि आकडा सांगितला. घरात त्या आकड्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. उखा खाटेवर कुशी बदलताना ओरडायचा तेवढाच. गोठा भिंतीला लागून होता. भिंतीपलीकडं सगळं ऐकू जायचं.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची जत्रा भरली आणि एका सकाळी भिकनदादा काजळीला घेऊन निघाले. कुणाला काही सांगितलं नाही. शोभाबाईला वाटलं, दरवर्षीसारखे जत्रेत मिरवायला गेले असतील. रात्री ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस आला. तापीच्या पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी, बाभळीच्या बुंध्याला टेकून भिकनदादा बसलेले सापडले होते. पाय लांब केलेले, तोंड पुलाकडं. घर पाठीमागं, शहाद्याच्या वाटेला. काजळी नव्हती. हातात घट्ट धरलेली खाकी पिशवी, तिच्यात एक लाख ऐंशी हजार.

डॉक्टरानं लिहून दिलं की हृदय थांबलं. पोलिसांनी पंचनामा केला, पिशवी पाकिटात घालून लाखेनं सील केली आणि नेली. कुणी लुबाडलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं. मग दादा घराकडं न येता उलट्या दिशेला, पुलाकडं कशाला गेले? गावात ज्याला जे सुचलं ते तो बोलला. उखा काहीच बोलला नाही. अग्नी देऊन आला आणि खाटेवर पडला, तो पडलाच.

पौष सरत आला तेव्हा हवालदार वीरसिंग मोटरसायकलवरून शेतात आला. शोभाबाई फरदडीचा, दुसऱ्या बहराचा कापूस वेचत होती. बोंडांच्या वाळल्या कडांनी बोटांची पेरं फाटली होती, वेचलेल्या कापसाला मधूनच लाल डाग लागायचा. वीरसिंग बांधावर उभा राहिला.

"बाई, ती रक्कम सोडवा तुम्ही. आमच्याकडं पडून राहिली. साहेब बदलतील, मग नव्या साहेबाला पहिल्यापासून सांगत बसाल."

"मी येऊ का? ह्यासले चालता येस नही."

"कुणीही या. आधी वारस कोण ते ठरायला पाहिजे. भिकनची बायको?"

शोभाबाईनं कमरेला बांधलेली कापसाची झोळी सोडून खाली ठेवली. "शे," ती म्हणाली. "पुरुषोत्तमनगरले."

"फारकत झाली?"

"नही."

वीरसिंगनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मग पैसे तिचे. बायको जिवंत असताना भावाचा नंबर लागत नाही. तिला आणा. आणि घोडी ज्यानं घेतली त्याचा जबाब पण लागेल, पैसे कुठून आले त्याचा. तो माणूस दोंडाईच्याकडचा. त्याला मी बोलावतो."

रात्री जेवणं झाल्यावर शोभाबाईनं उखाला सांगितलं. तो आढ्याकडं बघत पडला होता.

"कोनी सांगं व्हतं त्याले घोडी इकाले?" तो म्हणाला. "मी सांगं व्हतं? तू सांगं व्हतं?"

"कोनीच नही सांगं."

"मंग? मन्हा पायसाठे काजळी इकी टाकी. आते त्या पैसावर मी पाय ठेवू? मी चालाव नही त्या पैसावर. पडू दे तठेच."

"आनि मी? पानी मी भरू, कापूस मी येचू, तुमले बी मीच उचलू? कितला दिन?"

उखानं भिंतीकडं तोंड केलं. भिंतीपलीकडं गोठा होता. आता तिथं कडबा भरला होता, तरी काही हललं की दोघंही गप्प व्हायचे.

तिसऱ्या दिवशी शोभाबाई एकटीच निघाली. कारखान्याच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा मळीचा आंबूस वास आला. उसाच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. विचारत विचारत ती कामगारांच्या चाळीमागच्या एका खोलीपाशी पोचली. दाराशी दहा-बारा डबे उघडे मांडलेले. आत चुलीसमोर एक उंच, हाडापेराची बाई भाकरी थापत होती. अनुसयाबाई, दादांची बायको, ती हीच असणार. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. ते बघून शोभाबाई उंबऱ्यातच थबकली.

"कोन?"

"मी शोभा. तुमनी देरानी. उखानी बायको."

बाईचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर पडली, पाणी फिरलं. "बस," ती म्हणाली.

शोभाबाई बसली. दोघींनी एकमेकींना पहिल्यांदाच पाहिलं होतं. शोभाबाई लग्न होऊन आली त्याच्या आदल्या वर्षीच अनुसयाबाई त्या घरातून गेली होती. सासू तिचं नाव घेऊ द्यायची नाही.

"अक्का, दादा..."

"ठाऊक शे. कारखानामा लोके बोली ऱ्हायंतात." अनुसयाबाईनं भाकरी उलटली. "मन्हं कुकू देखी ऱ्हायनी ना तू? लोके सांगतस ते मी कसाले आयकू? घरनं मानूस येई, सांगी, तवय मी रांडकी. तोलोंग कोनी मले काय पुसू नको. रोज वाट देखी. कोनीच वनं नही."

शोभाबाईची नजर त्या कुंकवावरून खाली आली.

"आते तू वनी. सांग."

"काय सांगू, अक्का?"

"जे सांगाले पाह्यजे ते सांग. कोनी तरी सांगाले नको का?"

शोभाबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. "अक्का," ती म्हणाली, "दादा गयात."

अनुसयाबाईनं तव्यावरची भाकरी उतरवली, तवा खाली ठेवला. परातीतल्या पाण्यात हात बुडवला आणि कपाळ पुसलं. कुंकू गेलं. त्या जागी ओल्या पिठाचा पांढरा पट्टा राहिला. तो तिनं पुसला नाही. मग तिनं पुन्हा परात पुढं ओढली.

"आते दुसरं सांग. नुसतं सांगाले इतली लांब कोनी येस नही."

शोभाबाईनं सगळं सांगितलं. उखाचा खुबा, घोडी, पिशवी, हवालदार. काही लपवलं नाही, कारण ती बाई समोर बसली की लपवता येईल असं वाटत नव्हतं. अनुसयाबाई ऐकता ऐकता भाकरी थापत राहिली. शेवटी म्हणाली, "जबाबले येसू. बाकीनं मंग देखू."

घोडी घेणाऱ्या भीमसिंगला वीरसिंगनं माघ लागल्यावर बोलावलं. दोघी ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. आत फोन वाजत होते. समोरच्या लिंबाखाली जप्त केलेल्या मोटरसायकली गंजत पडल्या होत्या. अनुसयाबाईनं एकाएकी विचारलं, "शोभे, त्यासना आवाज कसा व्हता?"

"तुमले ठाऊक नही?"

"भुली गयी मी. तोंड ध्यानमा शे. आवाज येसच नही. येक वरीस ऱ्हायनी त्या घरमा. सासूना आवाज शे ध्यानमा, बैलना घुंगरू शेतस. त्यासना नही."

 गोठ्यात काजळीशी ते बोलायचे तेव्हा भिंतीआडून नुसती गुणगुण यायची. शब्द असे काही नाहीत. शोभाबाईजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं. तिनं मान खाली घातली आणि दादा दारात खाकरायचे तसं, घसा किंचित ओढून, शेवटी थोडं आखडतं, खाकरून दाखवलं.

अनुसयाबाईचा हात पदराकडं गेला आणि तिथंच राहिला. दोघी एकमेकींकडं बघेनात. आतून शिपाई बाहेर आला, या म्हणाला.

भीमसिंग पागोटं मांडीवर ठेवून बसला होता. घोड्यांच्या व्यापारात केस पिकलेला माणूस. वीरसिंग लिहीत होता. किंमत, पावती, रोख दिले की कसं, हे झालं. मग वीरसिंगनं पेन खाली ठेवलं. "हे लिहायला नाही विचारत. तो पुलाकडं कसा गेला, काही ठाऊक आहे का? घरच्या बाया आहेत ह्या."

भीमसिंगनं दोघींकडं पाहिलं. कोण कोणाची हे त्याला कळलं नसावं.

"सौदा सकायलेच झाया व्हता," तो म्हणाला. "पैसा दिधात. त्यानी मोजा बी नहीत, तसाच कमरले बांधात. आनि घोडीजोडेच बसी ऱ्हायंता. मी सांगं, भाऊ, जा आते घर. बोले, जास, जास. दिवस बुडाले वना तरी तठेच. आम्ही घोडी गाडीमा चढाडाले लागनूत, ती चढे ना. दोन मानसं लागनात तरी चढे ना. मंग त्यानीच चढाडी. तिना कानमा काय बोलना, कोनले ठाऊक. मेंढीगत चढी गई."

"मंग?" शोभाबाईनं विचारलं. परक्या पुरुषाच्या बोलण्यात आपण मध्येच बोललो हे तिच्या ध्यानात आलं नाही.

"गाडी निंघनी. मी आरसामा देखं, तो मांगे पयी ऱ्हायंता. पैसानी पिशवी हातमा, आशी वर करेल." भीमसिंगनं पळणाऱ्यासारखा हात वर करून दाखवला. "घोडी मांगे वरडी ऱ्हायंती, टापा मारी ऱ्हायंती. डायवर बोलना, थांबाडू का? मी सांगं..." त्यानं पागोट्याची घडी उगाच सारखी केली. "मी सांगं, नको. सौदा म्हनजे सौदा. पुलवर चढनूत तोलोंग तो दिसी ऱ्हायंता. मंग नही दिसना."

 वीरसिंग टेबलावरचं पेन इकडून तिकडं सरकवत राहिला.

"घोडी कोठे शे?" अनुसयाबाईनं विचारलं.

"गई पुढे. मी बी इकी टाकी. आठ दिन चाराले तोंड लाये ना. मंग खावाले लागनी."

परतीच्या बसमध्ये दोघी एकाच बाकावर होत्या. अनुसयाबाई खिडकीशी. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा मागं जात होत्या. मधेच ती म्हणाली, "पयना."

शोभाबाईनं तिच्याकडं वळून पाहिलं.

"घोडीमांगे पयना. पैसा हातमा लिसन." मग आणखी एक गाव गेल्यावर, "मन्हासाठे गावनी वाटलोंग बी वना नही."

फाट्यावर ती उतरली आणि मागं न बघता चालू लागली.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला ती आली नाही. शोभाबाई शहाद्याच्या कोर्टाबाहेर लिंबू-सरबताच्या गाडीच्या सावलीत दिवसभर उभी राहिली. वकील दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुम्हाला एकटीला काही मिळणार नाही हो, कशाला थांबता?" आसपासचे दोघंतिघं वळून बघायला लागले. संध्याकाळी ती घरी आली. उखानं विचारलं, "काय झायं?" ती म्हणाली, "काही नही," आणि जनावराचं शेण काढायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पुरुषोत्तमनगरला गेली. अनुसयाबाईनं दार उघडलं.  शोभाबाईनं पदर खोचला, दुसरी परात घेतली आणि पीठ मळायला बसली. दोघींनी मिळून साठ-सत्तर भाकरी थापल्या. वांग्याच्या भाजीला लसूण वाटला, डबे भरले, धुतले, दुपारनंतर पुन्हा रात्रीच्या भाकरीला लागल्या. जाळानं डोळे चुरचुरत होते. शोभाबाईच्या फाटलेल्या पेरांत मीठ-तिखट जाऊन आग होत होती. अनुसयाबाईनं ते पाहिलं, खोबरेल तेलाची बाटली तिच्याकडं सरकवली.

"पुढली तारीख कवय शे?" तिनं विचारलं.

त्या तारखेला ती आली. नंतरच्याही दोन तारखांना आली. होळी झाली, ऊन तापलं. चैत्र उतरता उतरता हुकूम निघाला.

ठाण्यात वीरसिंगनं पाकीट आणून टेबलावर ठेवलं, लाखेचं सील फोडलं. खाकी पिशवी बाहेर आली तसा खोलीत घोडीचा वास आला. घामाचा, कडब्याचा, त्यात विडीचा. चार महिने बंद राहून तो आणखी उग्र झाला होता. शोभाबाईला वाटलं, मागं वळलो तर ते दारात असतील. ती वळली नाही. नोटांच्या गठ्ठ्यांभोवती काळ्या केसांची वेणी करून बांधलेली होती, काजळीच्या शेपटीची. वीरसिंगनं ती सोडवून बाजूला ठेवली आणि नोटा मोजायला घेतल्या.

"इथं सही. पूर्ण नाव."

अनुसयाबाईनं पेन हातात घेतलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर वळणदार. तिनं 'अनुसया' लिहिलं. थांबली. मग 'भिकन' लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर दाबून. पुढचं आडनाव भरभर लिहून टाकलं.

तिनं पैसे पिशवीत भरले, केसांची वेणीही भरली. पिशवी पदराखाली घेतली. शहाद्याच्या स्टँडवर दोघी उभ्या राहिल्या. गाड्या येत होत्या, सुटत होत्या, उसाच्या रसवाल्याचे घुंगरू वाजत होते. शोभाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. पैसे त्या बाईचे होते. कोर्टानं सांगितलं होतं.

"मांग ना," अनुसयाबाई म्हणाली. "मांगाले वनी व्हती तू."

"कसं मांगू, अक्का?"

"तू मांगू बी नको. हाई लेवा-देवा तुन्हं नही." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली; अक्षय तृतीया जवळ आली होती. "आखाजी वनी. त्या वरसले आखाजीलेच तुन्हा नवरानी मले माहेरले सोडं. वीस वरसना पोऱ्या व्हता. फाटकजोडे उतारता उतारता बोलना, वहिनी, आठ दिनमा लेवाले येसू. मी गाठोडं सोडं नही आठ दिन." तिनं शोभाबाईकडं सरळ पाहिलं. "त्याले सांग, लेवाले ये म्हना. सोताना पायवर ये. मंग देसू पैसा."

"त्यासले चालता येस नही."

"ठाऊक शे मले."

शोभाबाईनं घरी येऊन सांगितलं तेव्हा उखा पाणी पीत होता. तांब्या त्यानं हळूच खाली ठेवला. ती ओरडण्याची वाट बघत होती. तो ओरडला नाही.

"ध्यानमा शे तिले?"

"शे."

"मले बी शे," उखा म्हणाला.

आखाजीच्या आदल्या दिवशी त्यानं स्वच्छ सदरा घातला. फाट्यावर जायला शेजाऱ्याची बैलगाडी मिळाली, पण बसमध्ये चढताना कंडक्टर आणि आणखी एका माणसानं त्याला पोत्यासारखं वर ओढून घेतलं. एक पोरगी हसली, तिच्या आईनं तिला दटावलं. पुरुषोत्तमनगरला उतरल्यावर त्यानं शोभाबाईचा खांदा सोडला. "नको. मी एकलाच चालस."

रस्त्यापासून चाळीपर्यंत फार तर दोन शेतं ओलांडावीत एवढं अंतर. त्याला निम्मी दुपार लागली. काठी टेकायचा, अंग एका बाजूला टाकायचा, सुकलेला पाय फरफटत ओढायचा, थांबायचा. डांबर उन्हानं मऊ झालं होतं, त्यात काठी रुतायची. ओठ चावून चावून त्याच्या हनुवटीवर रक्ताचा थेंब आला. शोभाबाई मागून चालत होती, हात पुढं करत होती आणि मागं घेत होती.

अनुसयाबाई दारात उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. तो उंबऱ्याशी येऊन थांबला, दोन्ही हात काठीवर, छाती धापत.

"वहिनी," तो म्हणाला, "लेवाले वनू."

"कोनासाठे वना? मन्हासाठे, का पैसासाठे?"

उखानं घाम पुसला. "पैसासाठे. पैसा नही ऱ्हाता ते वनू नही ऱ्हातू."

शोभाबाईनं डोळे मिटले. पण अनुसयाबाईच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडलं.

"तुन्हा दादा काय बोलेत कवय? मन्हं नाव काढेत?"

"येकदाव पुसं मी. बोलना, तिले वाटी ते ती येई." उखा अडखळला. "बस, इतलंच. मंग कवयच नही."

अनुसयाबाई हसली, पण आवाज आला नाही. "आनि मी बोली ऱ्हायंती, त्यासले वाटी ते त्या येतीन."

तिनं शेजारणीकडून खुर्ची आणली, कारण त्याला खाली बसता येत नव्हतं. पाणी दिलं. आत जाऊन पिशवी आणून त्याच्या मांडीवर ठेवली. वेणी तिच्यात नव्हती.

"त्यासना पैसावर चालाव नही आसं बोलना ना तू? हाऊ त्यासना पैसा नही. कोर्टमा सही करी शे मी. मन्हा शे. मन्हा पैसावर चाल."

उखा पिशवीकडं बघत राहिला. मग तिच्यावर हात ठेवला.

"चला मंग घर, वहिनी," तो म्हणाला.

"नही," ती म्हणाली. "तू वना, मी आयकं. आते मन्हा डबा शेतस."

धुळ्याला ऑपरेशन झालं. अनुसयाबाई तिथं येईल असं शोभाबाईला वाटलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी ती बसनं आली, भाकरी आणि मुगाची भाजी बांधून. वॉर्डात आली नाही. बाहेर लांबट बोळ होता, त्याच्या टोकाच्या बाकावर बसली. "डबासनं काय करं?" शोभाबाईनं विचारलं. "शेजारीनले सांगं," ती म्हणाली.

दुपारी नर्सनं उखाला उभं केलं. आधी लोखंडी चौकट धरून चालवलं. दुसऱ्या दिवशीही चौकट. त्यानंतरच्या सकाळी नर्स म्हणाली, आता नुसती काठी घ्या, घाबरू नका, सरळ बाहेरपर्यंत जा. शोभाबाई पुढं होऊन बोळात अनुसयाबाईजवळ उभी राहिली.

वॉर्डाच्या दारातून तो बाहेर आला. खिडक्यांतून उजेड त्याच्या पाठीमागून येत होता, त्यामुळं तोंड नीट दिसत नव्हतं. पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तीन वर्षं शोभाबाईनं त्याचं लंगडणंच पाहिलं होतं. त्याआधी तो कसा चालायचा हे तिच्या डोळ्यांतून पुसून गेलं होतं. आता पाय सरळ पडत होता. डावा खांदा किंचित पुढं, मान खाली, टाच टेकताना एक क्षण थांबून मग अंगाचा भार देणं.  हे चालणं ती ओळखत होती. गोठ्याकडून घराकडं, हातात रिकामी बादली घेऊन, चोवीस वर्षं ते तिच्या दाराकडं आलं होतं. दोघं भाऊ एकसारखे चालतात हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

शेजारी अनुसयाबाई उठून उभी राहिली होती. एका हातानं तिनं भिंत धरली होती. ओठ हलत होते, पण कुणाशी बोलत होती कळत नव्हतं. बोळ लांब होता आणि तो मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत, त्यांच्याकडं येत होता.

नर्स म्हणाली, "बस झालं आज. दमतील ते. थांबवा त्यांना."

शोभाबाई पुढं व्हायला लागली. अनुसयाबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"थांबाडू नको," ती म्हणाली आणि आपल्या पायांपुढची फरशी दाखवली. "येऊ दे. आठलोंग येऊ दे."